कुणी सोडतंय का?

या, असे जरा जवळ सरकून बसा. मागे भिंतीला टेकून बसलात त्यांनीही पुढे यावं. ही गोष्ट लांबून ऐकू येते, पण आत पोचत नाही. एक बटण दाबायला निघालेल्या एका गृहस्थाची गोष्ट सांगतो. बटण कसलं, काय, ते ओघानं येईलच. हसू आलं तर खुशाल हसा, संकोच करू नका. ज्याची गोष्ट आहे तोही त्या दिवशी एकदा हसला होता. आणि पुढे कुठे डोळे भरून आले तर तेही अडवू नका. देवानं हसण्याची आणि रडण्याची वाट एकाच चेहऱ्यावरून काढली, ती काही जागेची टंचाई होती म्हणून नाही.

तर काटेसाहेब. हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात ते एकतीस वर्षं निरीक्षक होते. दुकानोदुकानी फिरायचं, तराजू तपासायचे, काटा मध्यावर थांबला तर शिक्का मारायचा, नाही थांबला तर दुकानदाराच्या डोळ्यांदेखत तराजू उचलून न्यायचा. म्हणून आळीनं त्यांना काटेसाहेब केलं. निवृत्त झाले तरी नजर निवृत्त झाली नाही. घरात कुणी “वाटीभर साखर द्या हो” म्हणून आलं की साहेब आतून विचारणार, “कोणती वाटी?”

त्यांना एकच मुलगी. ती जन्मली तेव्हा प्रसूतिगृहातल्या जुनाट काट्यावर रत्तलांचे, म्हणजे जुन्या पौंडांचे, आकडे होते. नर्सबाई कौतुकानं म्हणाल्या, “साडेपाच रत्तल भरली हो!” दुसरा बाप असता तर गहिवरला असता. हे म्हणाले, “बाई, हा काटा बेकायदेशीर आहे.” आणि लेकीला हातात घेण्यापूर्वी त्यांनी काट्याचा पंचनामा केला. बायकोनं त्याचा सूड म्हणून पोरीचं लाडकं नाव रत्तल ठेवलं. खात्यानं बंद केलेलं एक माप साहेबांच्या घरात चोवीस वर्षं सुखानं नांदलं.

बटण दाबलं त्याच्या पाच आठवडे आधी ही रत्तल गेली. अकरा दिवसांचा ताप. मी एवढंच सांगतो, कारण साहेबांनीही कुणाला याहून जास्त सांगितलं नाही.

आता मूळ पदावर येऊ. रत्तलला एका मोठ्या बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश मिळाला होता. एकशे ऐंशी जागा, हजारो अर्ज, आणि त्यात हिचा क्रमांक एकशे बेचाळीस. ती गेली तरी तिच्या नावानं पत्रं यायची थांबेनात. त्या शाळेत नव्या मुलांच्या स्वागताचं सगळं काम जुनी मुलंच करतात, त्यामुळे पत्रं मोठी खेळकर. पहिलं आलं, “अभिनंदन! तुमची खुर्ची तुमची वाट पाहतेय.” चार दिवसांनी, “अजून विचारच करताय? आम्ही रुसू हं!” मग, “शेवटची आठवण! येताय ना? फक्त हो म्हणा.” साहेब लेकीच्या खोलीत, लेकीच्या टेबलाशी, लेकीचा कॉम्प्युटर उघडून ही पत्रं वाचायचे आणि पुन्हा झाकण लावून ठेवायचे.

झाकण लावून भागणार नव्हतं, त्याला कारण होतं. गेल्या वर्षी हीच रत्तल याच शाळेच्या वेटिंग लिस्टवर पहिली होती. तिथे अशी रीतच पडून गेली आहे की यादी बंद होण्याच्या दिवशी वेटिंगवरची मुलं फाटकाशी येऊन उभी राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, “कुणी सोडतंय का?” गेल्या वर्षी बापलेक दोघंही तिथे सकाळपासून पाचपर्यंत उभे होते. पाच वाजले, यादी बंद झाली. पुढे कळलं की एका मुलानं प्रवेश घेतलाही नाही आणि सोडलाही नाही. त्याची खुर्ची वर्षभर रिकामी राहिली. रत्तल रडली नाही. एवढंच म्हणाली, “नको होती तर कळवायचं तरी, बाबा. एक बटण दाबायला किती वेळ लागतो?”

“कुणी सोडतंय का?” हे आजच्या गोष्टीचं ध्रुपद. लक्षात असू द्या, पुन्हा येणार आहे.

आणि बटण दाबायला किती वेळ लागतो? काटेसाहेबांना एकोणीस दिवस लागले.

पहिल्या दिवशी त्यांनी प्रवेश सोडण्याचा अर्ज क्रमांक सात उघडला. वर लिहिलं होतं, ‘कारण निवडा’. खाली चार कारणं. दुसऱ्या संस्थेत प्रवेश मिळाला. नोकरीत बढती मिळाली. परदेशी जात आहे. अभ्यासक्रम आवडला नाही. पाचवं कारण नव्हतं. साहेबांनी चष्मा पुसला, खाली-वर करून पाहिलं. ‘इतर’ असंसुद्धा काही नव्हतं. एकतीस वर्षांत ज्या माणसानं खोट्या मापावर शिक्का मारला नाही, त्यानं खोट्या कारणावर टिचकी कशी मारावी? त्यांनी फोन लावला.

“उमेदवार स्वतः बोलताय का?” पलीकडून गोड आवाज.

“नाही. मी वडील.”

“सॉरी सर, उमेदवारांनीच बोलायला हवं.”

“त्यांना बोलता येणार नाही.”

“काही हरकत नाही. मोकळ्या झाल्या की फोन करायला सांगा. आणखी काही मदत करू शकते?”

साहेबांनी “नाही” म्हणून फोन ठेवला, आणि बराच वेळ त्या ठेवलेल्या फोनकडे पाहत बसले. मोकळ्या झाल्या की.

बातमी आळीत फुटायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे बँकवाले संध्याकाळीच उतरून आले. हा मनुष्य बँकेतून निवृत्त झाला तरी खिशात शाईचं पॅड घेऊन हिंडतो. ते म्हणाले, “साहेब, कागद! कागदाशिवाय जग हलत नाही. दाखल्याच्या पाच प्रती काढा, पाचही साक्षांकित करून घ्या. एक त्यांना, एक त्यांच्या वरच्यांना, एक पोच म्हणून, एक तुम्हाला.”

“आणि पाचवी?”

“पाचवी असू द्यावी. नसली की लागते.”

समोरच्या वहिनी हळूच येऊन बसल्या, डोळ्याला पदर लावला, दोन मिनिटं मनापासून रडल्या आणि मग म्हणाल्या, “भाऊजी, राग मानू नका हं. पण ती जागा सोडायचीच आहे तर आमच्या भाच्याच्या नावावर नाही का करता येणार? गॅसचं कनेक्शन नाही का करून देत?”

यावर साहेबांना राग यायला हवा होता. पण वहिनींचं रडणंही खरं होतं आणि भाचाही खरा होता. माणसाच्या मनाचा तराजू देवानं असाच घडवलाय, दोन्ही पारड्यांत एकदम काहीबाही असतं. साहेब एवढंच म्हणाले, “नाही होत, वहिनी. रांगेत पुढे कुणीतरी आहे.”

खरी अडचण घरातच होती. रत्तलची आई काही बोलत नव्हती. एकदाच बोलली, भांडी पुसता पुसता, पाठमोरी. “राहू दे की ती खुर्ची. कुणाच्या मध्ये येतेय?”

“अगं, फाटकाशी कुणीतरी उभं असेल.”

“असू दे. आपली नाही का उभी राहिली?”

ती पुढे म्हणाली, “एवढी एकच जागा उरलीय जिथे तिचं नाव अजून चालू आहे. तीही तुम्ही आपल्या हातानं पुसून या.” आणि पुसलेलंच पातेलं पुन्हा पुसायला घेतलं.

शनिवारी यादी बंद व्हायची होती. त्याच दिवशी शाळेत नव्या मुलांचं स्वागतसंमेलन. मधल्या दिवसांत साहेबांनी पुन्हा पुन्हा फोन केले, तेव्हा त्या गोड आवाजानं शेवटी सांगितलं होतं, “सर, समक्षच या. प्रवेशप्रमुख मॅडम दुपारी चारनंतर ऑफिसात असतात.” सकाळी साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पाच प्रती पिशवीत टाकल्या. दाराशी येऊन पाहतात तो बायको डबा घेऊन उभी. साहेबांनी डबा हातात घेतला, सवयीनं किंचित तोलला, आणि त्यांच्या लक्षात आलं की तो दोघांचा आहे. गेल्या वर्षी फाटकाशी नेला होता तेवढाच.

फाटकाशी एक मुलगी उभी होती. हातात निळी फाईल, पायात धुळीनं भरलेल्या चपला. साहेब दिसताच पुढे आली.

“काका, तुम्ही आतले का? कळलं का काही, कुणी सोडतंय का?”

“कितवा नंबर तुझा?”

“पहिलाच आहे हो. म्हणूनच तर जीव जातोय. शंभरावा असता तर घरी झोपले असते.”

“बघतो,” साहेब म्हणाले आणि आत निघाले. पण रखवालदारानं दांडा आडवा केला. “बिल्ला?”

“मला फक्त ऑफिसात जायचंय.”

“आज बिल्ल्याशिवाय संचालकांनासुद्धा सोडत नाही. सकाळीच एकदा परत पाठवलं त्यांना.”

बाजूच्या मांडवात नोंदणीचं टेबल होतं. पिवळे टी-शर्ट घातलेली मुलं माश्यांसारखी घोंघावत होती आणि मधोमध, हातात वॉकीटॉकी घेऊन, दुसऱ्या वर्षाची एक मुलगी हुकूम सोडत होती. सगळे तिला सेनापती म्हणत होते आणि ती ‘ओ’ देत होती.

“नाव, सर?”

साहेबांनी लेकीचं नाव सांगितलं. सांगायचं होतं पुढचं, पण पुढचं सांगेपर्यंत सेनापतीनं बिल्ला शोधून काढला होता. “ओळखपत्र?” साहेबांनी स्वतःचं दिलं. तिनं दोन्ही शेजारी धरून पाहिलं. बिल्ल्यावर लेकीचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. ओळखपत्रावर बापाचं नाव, मग आजोबांचं, मग आडनाव. मागे रांग वाढत होती, वॉकीटॉकी खरखरत होती.

“तीनपैकी दोन शब्द जुळतात,” सेनापती म्हणाली. “चालेल. छपाईत घोळ झाला असेल.” आणि तिनं बिल्ला साहेबांच्या गळ्यात घातला.

साहेबांनी तोंड उघडलं, पण तोवर त्यांना हाताला धरून एका खुर्चीत बसवलं गेलं होतं. त्या खुर्चीच्या पाठीला कुणीतरी स्वयंसेवकांसाठीचे चिकटपट्टीचे कागद उलटे वाळत घातले होते. साहेब टेकले आणि उठले तेव्हा पाठीवर ठळक अक्षरांत पाटी होती, ‘मला विचारा!’ ही पाटी दिवसभर तिथेच राहिली, आणि दिवसभर लोक येऊन साहेबांना विचारत राहिले. सभागृह कुठे, पाणी कुठे, चार्जर कुठे मिळेल. साहेबांना वाटलं, आजकालची मुलं वडीलधाऱ्यांना फार मानतात. त्यांनी जाऊन जाऊन माहिती काढली आणि नेमकी दिली. “डावीकडे बेचाळीस पावलं, मग पायऱ्या अकरा. शेवटची जरा उंच आहे, जपून.”

ऑफिसला कुलूप होतं. चारशिवाय उघडणार नव्हतं. म्हणून साहेब गट क्रमांक नऊमध्ये जाऊन बसले, कारण बिल्ल्यावर तसं लिहिलं होतं आणि लिहिलेलं पाळायची त्यांना सवय होती.

गटात वीस मुलं गोल करून बसली होती. एकमेकांची ओळख व्हावी म्हणून खेळ होता. प्रत्येकानं स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, दोन खऱ्या आणि एक खोटी. बाकीच्यांनी खोटी ओळखायची. कुणी म्हणालं मी समुद्रात शार्क पाहिला, कुणी म्हणालं माझं लग्न दोनदा मोडलं. खिदळणं चाललं होतं. फिरत फिरत पाळी साहेबांवर आली.

“काका, तुम्ही!”

“मला खोटं बोलता येत नाही,” साहेब म्हणाले.

“हीच खोटी!” एक जण ओरडला आणि सगळे हसले. साहेबही हसले. त्या दिवशी ते हसले ते हेच एकदा.

“नाही काका, नीट तीन सांगा.”

साहेबांनी हात मांडीवर ठेवले. “मी वजनमापे खात्यातून निवृत्त झालोय.” मग थोडं थांबून, “माझ्या मुलीला इथे प्रवेश मिळालाय.” मग बराच वेळ थांबले. मुलं वाट पाहत होती. “ती थोड्या वेळानं येईल.”

मंडळी, एकतीस वर्षांत आणि त्याआधीच्या सगळ्या वर्षांत त्या माणसाचं हे पहिलं खोटं. आणि आता बघा, वीस हुशार मुलं बसली होती, हजारोंतून निवडून काढलेली, तोलून-मापून घेतलेली. वीसच्या वीस जणांनी एकमुखानं सांगितलं, “पहिली! पहिली खोटी! तुम्ही निवृत्त वाटतच नाही!”

तिसरी कुणालाही खोटी वाटली नाही. आणि एक क्षण, फक्त एकच, साहेबांनाही वाटली नाही. त्यांनी चक्क दाराकडे पाहिलं.

या खेळाचा परिणाम मात्र भलताच झाला. एका चौकस मुलानं शेजारच्याच्या कानात सांगितलं, “हा निवृत्त नाही, म्हणजे कामावर आहे. वजन करतो, मापं घेतो. कळलं का? छुपा परीक्षक! आपलं वागणं तपासायला शाळेनं बसवलाय.” दहा मिनिटांत ही बातमी नऊ गटांत पसरली. साहेबांसाठी खुर्ची सरकवली जाऊ लागली, दारं उघडी धरली जाऊ लागली. एका मुलानं दोनदा येऊन, कुणी विचारलेलं नसताना, आपण आईवडिलांना रोज फोन करतो असं सांगितलं. दुसरीनं जमिनीवरचा दुसऱ्याचा कागद उचलून, साहेब बघतायत याची खात्री करून, डब्यात टाकला. साहेबांना हे वातावरण चांगलं ओळखीचं होतं. त्यांनी पाऊल ठेवलं की बाजारातले सगळे तराजू असेच एकदम सरळ व्हायचे.

दुपारी जुन्या मुलांनी सभागृहात एक विषय मांडला, रिकाम्या जागांचा. विमानातली, नाटकगृहातली, हॉटेलातली. पडद्यावर आकडे नाचत होते. मांडणारा मुलगा फर्डा होता. “रिकामी खुर्ची म्हणजे नासलेला माल,” तो म्हणाला, “आज विकली नाही की उद्या किंमत शून्य! काही प्रश्न?”

छुपे परीक्षक उभे राहिले. सभागृह चिडीचूप.

“नासते कशी?” साहेब म्हणाले. “बाहेर माणूस उभं आहे. त्याला आत घेतलं नाही तर नासतं ते त्याचं वर्ष. खुर्चीला काय होतं? खुर्ची लाकडाची.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलगा म्हणाला, “फार खोल मुद्दा, सर,” आणि लिहून घेतला. साहेब खाली बसले. आपण हे बोललो ते कुणाला बोललो, फर्ड्या मुलाला की पातेलं पुसणाऱ्या एका पाठीला, हे त्यांचं त्यांना कळेना.

चार वाजता ते ऑफिसकडे निघाले, तर पिवळ्या सैन्यानं घेरलं. “सर, ग्रुप फोटो!” नाही म्हणायची सोय नव्हती. इमारतीच्या पायऱ्यांवर खडूनं गोल काढले होते, एकशे ऐंशी. प्रत्येकात क्रमांक. ज्यानं त्यानं आपापल्या गोलात उभं राहायचं. पाहता पाहता पायऱ्या भरल्या. हसणं, ढकलाढकली, केस सारखे करणं. भरल्या पायऱ्यांत सातव्या पायरीवर एक गोल तेवढा रिकामा, एकशे बेचाळीस. दोन लहान पावलांपुरता.

“सर, तो तुमचा! बॅज बघा!” खालून फोटोवाला ओरडला.

साहेब पायऱ्या चढले. गोलाशी गेले. आणि आत न जाता त्याच्या डावीकडे उभे राहिले, अर्ध्या पावलावर. गेल्या वर्षी फाटकाशी असेच उभे होते, ती उजवीकडे, हे डावीकडे, तिच्या पिशवीचा बंद आपल्या बोटात धरून.

“सर, उजवीकडे! गोलात!”

साहेब हलले नाहीत.

“सर, भोक पडतंय फोटोत!”

“पडू दे,” साहेब म्हणाले. हळू म्हणाले, पण पायऱ्यांवर ऐकू गेलं.

फोटो निघाला. मुलं पांगली. सेनापती मात्र वर चढून आली. वॉकीटॉकी तिनं बंद केली होती. तिनं आधी रिकाम्या गोलाकडे पाहिलं, मग बिल्ल्यावरचं नाव आज पहिल्यांदा नीट वाचलं. तिसरा शब्द, दुसरा शब्द आणि मग पहिला.

“काका,” ती म्हणाली, आता सर म्हणाली नाही, “तुम्ही परीक्षक नाही ना?”

“नाही.”

“ही ताई कुठेय?”

साहेबांनी पिशवीतून एक प्रत काढून तिच्या हातात दिली. बँकवाल्यांच्या शिक्क्यानिशी, साक्षांकित. तिनं वाचलं.

“मी तुमच्या गळ्यात…”

“तुझं काय चुकलं? तीनपैकी दोन जुळत होते.” मग साहेब म्हणाले, “पोरी, किती वाजले?”

“चार पस्तीस.”

“पाचला यादी बंद होते ना? मला अर्ज क्रमांक सात भरायचाय. फाटकाशी एक मुलगी उभी आहे.”

त्यानंतर काटेसाहेब एकसष्टाव्या वर्षी धावले. पुढे सेनापती, मागे साहेब, त्यांच्या पाठीवर ‘मला विचारा!’ फडफडत असलेलं आणि त्यांच्या मागून तीन मुलं विचारत विचारत येत असलेली. दारात सेनापतीनं मागे वळून ती पाटी पाहिली आणि हलक्या हातानं काढून घेतली.

प्रवेशप्रमुख बाईंनी दाखला वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. “बसा,” म्हणाल्या. पाण्याचा पेला पुढे केला. मग कॉम्प्युटर उघडला आणि त्यांचा चेहरा पडला.

“इथेही चारच कारणं आहेत हो. कारण निवडल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही.” त्या ओशाळून म्हणाल्या, “परदेशी जात आहे, असं लिहायचं का? कुणी तपासत नाही.”

“मी तपासतो,” साहेब म्हणाले.

भिंतीवर चार सत्तेचाळीस. बाईंनी कॉम्प्युटर विभागाला फोन लावला. तिथे शनिवारची घंटा वाजत राहिली. मग सेनापती एकदम म्हणाली, “मॅडम, हा अर्ज आमच्याच कमिटीनं बनवलाय. मीच ती चार कारणं लिहिली होती.” तिचा आवाज चिरकला. “मला आणखी सुचलीच नाहीत.”

“वय नाही तुझं ते सुचायचं,” साहेब म्हणाले. “आता लिही.”

तिनं खुर्ची ओढली. बोटं भरभर चालली. पाचव्या ओळीत तिनं लिहिलं, ‘उमेदवार येऊ शकत नाही’.

साहेब वाकून पाहत होते. “हे माप कमी भरतंय, पोरी. येऊ शकत नाही म्हणजे उद्या येईल असं वाटतं. ‘उमेदवार हयात नाही’ असं लिही.”

तिनं खोडलं आणि तसं लिहिलं. लिहिताना एकदा तिला थांबावं लागलं. चार चोपन्न.

“आता काटा बरोबर आहे,” साहेब म्हणाले. त्यांचा उजवा हात नकळत खिशाशी गेला, जिथे एकतीस वर्षं शिक्का असायचा.

पाचव्या ओळीवर खूण झाली. खाली ते बटण आलं. निळं, लहानसं. ‘माझी जागा मी सोडत आहे’. बाईंनी विचारलं, “मी दाबू?”

“नको. तिनं विचारलं होतं मला, किती वेळ लागतो म्हणून.”

साहेबांनी बोट ठेवलं. भिंतीवरचा मोठा काटा मिनिटाचं एक घर सरकला, दुसरं सरकला. आणि मग साहेबांनी बटण दाबलं.

पडद्यावर रंगीबेरंगी फुगे उडाले. ‘अरेरे! तुम्ही येणार नाही म्हणून आम्हाला खूप वाईट वाटतंय. पुढच्या वर्षी नक्की पुन्हा प्रयत्न करा!’

हे वाक्यही सेनापतीनंच लिहिलेलं होतं. ती टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली. साहेब तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, आणि फुगे संपेपर्यंत बघत राहिले.

फाटकाशी निळी फाईलवाली पायरीवर बसली होती. पाच वाजत आले होते. “नाही ना कुणी सोडली?” ती म्हणाली. साहेब तिच्या शेजारी, डावीकडे, बसले आणि पिशवीतून डबा काढला.

“सकाळपासून काही खाल्लंस?”

“उतरणारच नाही, काका.”

“उतरेल. खा.”

तिनं एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि तिसऱ्याला तिच्या फाईलमधला फोन वाजला. ती “हो… हो… मीच… खरंच?” एवढंच बोलली. मग उठून रखवालदाराला मिठी मारली, दांड्याला मिठी मारली आणि पुन्हा येऊन, रडत, हसत, डब्यातलं सगळं खाल्लं. दोघांचं.

“काका, कुणीतरी सोडली हो! अगदी शेवटच्या मिनिटाला! कोण असेल?”

साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. गळ्यातला बिल्ला त्यांनी केव्हाच उलटा करून शर्टाच्या आत टाकला होता.

“असेल कुणीतरी,” ते म्हणाले. “चांगली मुलगी असेल.”

घरी दार उघडायला बायकोच आली. डबा घेतला, आणि हातात येताच थबकली. एकतीस वर्षं तोलण्याचं काम साहेबांनी केलं, पण रिकाम्या डब्याचं वजन तिला जास्त कळतं.

“तुम्ही खाल्लंत?”

“नाही.”

“मग?”

“फाटकाशी होती एक.”

तिनं डब्याचं झाकण काढून आत पाहिलं. मग म्हणाली, “दोघांचं होतं. पुरलं का तिला?”

“पुरलं.”

तिनं साहेबांच्या शर्टातून डोकावणारी बिल्ल्याची दोरी पाहिली, ओढून बाहेर काढली आणि बिल्ला सरळ केला. त्यावरचे तिन्ही शब्द तिनं बोट फिरवून वाचले. मग दोरी साहेबांच्या गळ्यातून काढून आपल्या गळ्यात घातली, आणि डबा घासायला आत गेली.

गोष्ट इथे संपली. आता तुम्ही उठाल, आपापल्या घरी जाल. उद्या कुठेतरी, कधीतरी, मिळेल असं वाटत नसताना तुम्हाला एखादी जागा मिळेल. शाळेत मिळेल, नोकरीत मिळेल, गर्दीच्या गाडीत खिडकीशी मिळेल. बसा, आनंदानं बसा. पण बसण्याआधी क्षणभर थांबा. ती जागा कुणाची तरी होती, आणि कुणाच्या तरी बापानं आपल्या हातानं ती मोकळी केली. त्या क्षणात साडेपाच रत्तलांच्या एका पोरीची आठवण काढा, एवढंच मागणं आहे.